येवल्याहून आलेला थर्मास

रक्त लाल असतं असं लोक म्हणतात. माझ्या धंद्यात ते पिवळं असतं. ट्यूबमध्ये घेतलेलं रक्त थोडा वेळ उभं ठेवलं, गोठू दिलं आणि यंत्रात गरगरा फिरवलं की लाल सगळं तळाशी बसतं आणि वर गव्हाच्या काडीच्या रंगाचं पाणी उरतं. त्याला सीरम म्हणायचं. माणसाच्या आत काय चाललंय ते या पाण्यात असतं. एकतीस वर्षं मी नाशकात, एका पॅथॉलॉजी लॅबच्या मागच्या खोलीत, ते पाणी बघत बसलो. आता निवृत्त आहे. दिवाळी अंकासाठी लॅबमधल्या गमतीजमती लिहा असं सांगणं आलं. गमती दोन-तीन आहेत, त्या आधी सांगून टाकतो. मग जे सांगायचं आहे ते सांगतो.

आमच्या घरात मी पहिला पदवीधर. वडील मखमलाबादकडे झेंडू-शेवंती लावायचे आणि पंचवटीत नेऊन विकायचे. त्यांना अक्षर येत नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, वर लॅबचा डिप्लोमा केला आणि नोकरी लागल्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच्या नावाचा रबरी शिक्का करून घेतला. नाव, त्याखाली बी.एस्सी., डी.एम.एल.टी. घरी नेऊन कागदावर मारून दाखवला. वडिलांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"एवढंसंच?"

"मग केवढं पाहिजे, दादा?"

"पंधरा-सोळा वर्षं शाळा शिकलास. मला वाटलं, पानभर येईल."

पण कागद त्यांनी टाकला नाही. फुलं बांधायच्या दोऱ्याच्या रिळासोबत कोनाड्यात ठेवला. त्या शिक्क्याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवला नाही. रिपोर्टवर डॉक्टरांची सही वर, आणि खाली तपासणी करणारा म्हणून माझी. डॉक्टर बाहेरगावी असले की माझ्या एकट्याच्या सहीवर रिपोर्ट जायचा. त्या काळी ते चालून जायचं. मला तर आवडायचं.

आता गमती. प्रोस्टेटच्या तपासणीला येणारे म्हातारे हा एक वेगळाच वर्ग. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी पुरुषांना सुपारीएवढी एक ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. उतारवयात ती वाढते, लघवी अडते. बहुतेकांची साधीच वाढते, काहींच्यात कॅन्सर निघतो. हे दुखणं कुणी मोठ्यानं सांगत नसे. डॉक्टरांची चिठ्ठी चार घड्या घालून मुठीत आणायचे आणि मी एकटा आहे हे बघून मूठ उघडायचे. पंचवटीतले एक गुरुजी होते. साऱ्या गल्लीला मुहूर्त काढून द्यायचे. मी विचारलं, "गुरुजी, रक्त कधी घेऊ?" तर म्हणाले, "कधीही चालेल हो, फक्त सूनबाई बरोबर नसताना." पेठकडचे एक बाबा दंडाला रबर बांधल्यावर हात मागे घेऊन मला म्हणाले, "दुखणं तिकडं आन् सुई इकडं? तू नवीन हायेस का?"

त्यांची शंका बरोबर होती, आणि तिचं उत्तर हीच माझी विद्या. ही ग्रंथी एक द्रव्य बनवते, ॲसिड फॉस्फटेज नावाचं. ते तिच्या आतच राहतं. पण कॅन्सर ग्रंथीची भिंत ओलांडून हाडांत जाऊ लागला की ते रक्तात वाढतं. कंबर दुखायच्या आधी, एक्स-रेमध्ये हाड डागाळलेलं दिसायच्या आधी कधीकधी त्या पिवळ्या पाण्यात ते सापडतं. आम्ही त्यात एक रसायन घालायचो, ठराविक वेळ थांबायचो, आणि रंग किती गडद होतो ते यंत्रावर मोजायचो. रंग गडद म्हणजे दुखणं बाहेर पडलं. रंग फिका म्हणजे अजून घरातच आहे. नंतर पीएसए नावाची अधिक चांगली तपासणी आली. पण नव्वदच्या दशकात तिचं सीरम मुंबईला पाठवावं लागे आणि उत्तर यायला आठवडा जाई. नाशकात आमच्या हातात होतं ते हे ॲसिड फॉस्फटेज.

त्याची एक खोड होती. ते उष्णतेत मरतं. रक्त काढलं की सीरम लगेच वेगळं करायचं, त्यात आम्लाचा एक थेंब टाकायचा आणि बर्फात ठेवायचं. तासा-दोन तासांची ऊब लागली तरी ते द्रव्य नासत जातं. म्हणजे आजार असूनही रंग फिका येतो. पुस्तकात हे ठळक अक्षरांत छापलेलं होतं आणि मला ते पाठ होतं. मी हे मुद्दाम सांगतोय. मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

येवल्याचे अण्णा पैठणी विणायचे. साठीच्या पुढचे. त्यांची लघवी अडली म्हणून नाशकात एका सर्जनने दुर्बिणीतून ऑपरेशन करून ग्रंथीचे तुकडे काढले. त्या तुकड्यांत कॅन्सर निघाला. पुढचा प्रश्न एकच: तो तिथेच आहे की पसरला? एक्स-रे स्वच्छ होता. सर्जन म्हणाले, ॲसिड फॉस्फटेज करा. वाढलेलं असेल तर मुंबईला हाडांचा स्कॅन, आणि पुढचं ऑपरेशन ताबडतोब, म्हणजे अंडकोष काढायचे, कॅन्सरचा खुराक तोडायला. नसेल तर दर तीन महिन्यांनी तपासत राहू. अण्णा तोवर येवल्याला घरी गेले होते. लघवीची नळी नुकतीच निघालेली, एसटीत बसवत नव्हतं. तिथल्या दवाखान्यात रक्त काढून सीरम वेगळं करायचं आणि मुलानं थर्मासमध्ये बर्फ घालून ते नाशकात आणायचं असं ठरलं. आम्लाची बाटली मी आधीच पाठवली होती. ती कुणी उघडलीच नव्हती, हे नंतर कळलं.

मुलाचं नाव विलास. तिशीतला. तोही मागावर बसायचा. मे महिना होता. दुपारी दीडला तो लॅबमध्ये आला तेव्हा घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

"निफाडच्या पुढं टायर फुटला साहेब. दीड तास गाडी उभी. आत उभं राहायला जागा नव्हती, पण थर्मास सांभाळला मी. सांडला नाही थेंबभर."

खरंच सांडला नव्हता. मी बूच काढलं आणि सीरमच्या ट्यूबभोवतीच्या पाण्यात बोट बुडवलं. बर्फ नव्हता. पाणी कोमट होतं. कोमट म्हणजे, त्यात बाळाला आंघोळ घालता आली असती असं.

इथं करायचं काय, हे शिकाऊ माणसालाही कळतं. नमुना टाकून द्यायचा. सांगायचं, उद्या परत आणा. माझे डॉक्टर त्या दिवशी पुण्याला गेले होते. सर्जनच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला होता, रिपोर्ट झाला का म्हणून. मी विलासला म्हणालो, "परत आणावं लागेल असं वाटतंय."

तो बाकावर बसला. "साहेब, अण्णांची शीर सापडत नाही. आज चार वेळा टोचलं. म्हातारी रडायला लागली. ते म्हणाले, आता पुन्हा कुणी आलं तर मागात पाय घालून बसंन, उठणारच नाय." मग जरा हसून म्हणाला, "तुम्ही शिकलेले आहात. ह्यातूनच काहीतरी जमवा ना."

तुम्ही शिकलेले आहात. बस, एवढं पुरलं. मला वाटलं, दोनदा करून बघू. दोन्ही वेळा सारखं आलं तर बरोबर. नासलेलं दूध दोन भांड्यांत ओतलं म्हणून ते ताजं होत नाही, हे माझ्या आईनंसुद्धा सांगितलं असतं. दोन्ही वेळा रंग फिका आला. अगदी सारखा. मी रिपोर्ट टाइप केला: नॉर्मल. सही केली. शिक्का मारला, नीट, सरळ, शाई न फासता.

आणि रजिस्टरात अण्णांच्या नावापुढे पेन्सिलीनं लिहिलं: बर्फ वितळलेला.

पेन्सिलीनं. रजिस्टरात. रिपोर्टवर नाही. का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतोय. मला वाटतं, कुणी विचारलंच तर दाखवायला असावं म्हणून लिहिलं आणि कुणी विचारू नये म्हणून पेन्सिलीनं लिहिलं.

सर्जन खूश झाले. स्कॅनला मुंबईला जायची घाई नाही म्हणाले. त्याच संध्याकाळी विलासनं स्टँडजवळच्या दुकानात रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला. तेव्हा लॅमिनेशन नवं होतं, लोक सातबारा, मार्कशीट, कुंडली सगळं प्लॅस्टिकमध्ये घालायचे. मला दाखवायला तो पुन्हा लॅबमध्ये आला. "आता भिजणार नाही साहेब," म्हणाला. पेढेही घेऊन आला होता. मी दोन खाल्ले.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं होतं. अण्णा आले नाहीत. मी वाट बघत होतो असं म्हणेन तर ते खोटं होईल. आले नाहीत याचं मला बरं वाटत होतं.

ते आले पुढच्या फेब्रुवारीत, जीपच्या मागच्या सीटवर आडवे. कमरेखाली पाय गेले होते. कॅन्सर कण्याच्या हाडांत शिरून आतल्या नसा दाबत होता. वॉर्डात रक्त घ्यायला मी स्वतः गेलो. बर्फाचं भांडं हातात, आम्लाची बाटली खिशात, असा. त्या दिवशी मी एकही नियम मोडला नाही.

उशाशी तो रिपोर्ट होता. प्लॅस्टिकच्या आत माझी सही, माझा शिक्का, जसेच्या तसे. वरच्या कोपऱ्यात खिळ्याचं भोक होतं. मागासमोरच्या भिंतीवर टांगला होता, असं अण्णांची बायको म्हणाली.

अण्णांनी मला ओळखलं नाही, पण रिपोर्टवरचं नाव सांगितल्यावर हात जोडले. "तुमीच का ते? या, बसा. ह्या कागदानं लय आधार दिला बघा."

"पाठ कधीपासून दुखते, अण्णा?"

"दिवाळीच्या आधीपासनं. पन मागावरच्या मानसाची पाठ दुखनारच की. खड्ड्यात पाय सोडून जन्म गेला. डाक्टर गोळ्या द्यायचे, मी हा कागद दाखवायचो. ते म्हनायचे, मग काय नाय, बसून बसून झालंय."

म्हणजे बघा. गावातल्या दोन डॉक्टरांनी त्यांना तपासलं. दोघांनी माझा रिपोर्ट वाचला आणि पाठीला मलम लिहून दिलं. विणकराची पाठ आणि नॉर्मलचा कागद, यापुढे कुणाला शंका येणार?

बायको म्हणाली, "मी म्हनत होते, पुन्यांदा तपासा. नाय ऐकलं. मलाच म्हनायचे, पाठ खोटं बोलती, कागद नाय बोलत."

अण्णा हसले. "खोटं तर बोललीच की पाठ. इतके दिस म्हनत होती, मी बसून बसून दुखते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सायेब, पदरात एक तार चुकली ना, तर आमी सगळा मोर उकलतो. दोन-दोन दिवसांचं काम. मानूस उकलून बघता येत नाय, म्हनून तुमच्यावर सोडायचं."

मी शीर शोधत होतो. पहिल्याच टोचणीत सापडली. तेव्हा बोलायला हवं होतं. वॉर्डात गर्दी नव्हती, विलास औषधं आणायला खाली गेला होता. मी म्हणालो, "मूठ उघडा आता." तेवढंच म्हणालो.

रंग इतका गडद आला की यंत्राच्या मापाबाहेर गेला, सीरम पातळ करून पुन्हा मोजावं लागलं. पीएसए मुंबईहून आठवड्यानं आलं, तेही शेकड्यांत. तोवर त्याची कुणाला गरजही नव्हती. सर्जननं पुढचं ऑपरेशन केलं, दुखणं थोडं कमी झालं. पाय परत आले नाहीत. नऊ महिने आधी केलं असतं तर कदाचित वर्ष, दोन वर्षं ते मागावर बसले असते. कदाचित. हा 'कदाचित' माझ्या सोयीचा आहे आणि मी त्याचा आधार घेत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर अण्णा गेले. विलासनं स्वतः येऊन सांगितलं. म्हणाला, "तुमच्याकडून काही कमी पडलं नाही साहेब." मी चहा मागवला.

त्यानंतर मी बर्फाच्या बाबतीत वेडा झालो. कोमट नमुना आला की गटारात ओतायचो. सिन्नरहून, सटाण्याहून आलेल्या माणसांना परत पाठवायचो, त्यांच्या शिव्या खायचो. लॅबमध्ये मला मागून 'बर्फवाला' म्हणायचे. नव्या मुलींना मी शिकवायचो, नमुना टाकायला लाजू नका. त्यांना वाटायचं, सर किती तत्त्वाचे!

दोन हजारनंतर पीएसएचं यंत्र आमच्याच लॅबमध्ये आलं. हे द्रव्य इतकं नाजूक नाही, बर्फावाचून इतकं लवकर मरत नाही. आणि तपासणी फार बारीक. ऑपरेशन किंवा किरणांचा शेक देऊन झाल्यावर आकडा शून्याजवळ जातो. तो पुन्हा चढू लागला की समजायचं, दुखणं कुठंतरी जागं झालं. दुखायच्या कितीतरी आधी, कधीकधी काही वर्षं आधी. मला वाटलं, आता अण्णांसारखं होणार नाही.

विंचूरचे एक काका यायचे, जन्मभर कांद्याची आडत केलेले. मुंबईला शेक घेऊन आलेले. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचे आणि आकडा खिशातल्या वहीत आलेख कागदावर टिंब काढून मांडायचे. पॉइंट एक, पुन्हा पॉइंट एक, मग पॉइंट चार, पॉइंट नऊ, मग दोनला टेकला. काकांनी टिंबं जोडली आणि वही माझ्यापुढे धरली.

"असा भाव विंचूरला चढला असता तर मी गाव जेवू घातलं असतं."

"काका, त्रास काही होतोय का?"

"काही नाही. काल दोन मजले चढलो."

"म्हणून तर ही तपासणी चांगली. दुखायच्या आधी कळतं."

"कळतं," ते म्हणाले. "पण चांगली कुणासाठी रे? डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनं घ्या, थोडं लांबेल. बरं होईल असं कुणी म्हणत नाही. मग मी आता पुढची दोन वर्षं दुखायची वाट बघत बसू?"

तसेच ते बसले. दोन वर्षांहून थोडं जास्त. आकडा चढत गेला, पान पुरेना तेव्हा त्यांनी वरती कागद चिकटवला. दर वेळी रिपोर्ट हातात देताना त्यांच्या आधी मला माहीत असायचं. अण्णांना काहीच कळलं नाही आणि नऊ महिने ते निवांत मोर विणत राहिले. काकांना सगळं कळलं, आणि घास गोड लागला नाही. मी एकाला खोटा कागद दिला, एकाला खरा. दोघेही गेले. कुणाला बरा मृत्यू आला ते मला सांगता येत नाही. हे वाचून आपली तपासणी टाळू नका. वेळेत कळून बरी झालेली माणसंही मी पाहिली आहेत. पण ती पुन्हा लॅबमध्ये येत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर उरतात ती येत राहिलेली.

आता शेवटचं. काका गेले त्याच वर्षी एका सकाळी काउंटरवर चाळिशी उलटलेला एक माणूस उभा राहिला. कानाजवळ केस पांढरे. हातात कापडी पिशवी.

"ओळखलं का साहेब? विलास. येवला."

गावातल्या नव्या डॉक्टरनं सांगितलं होतं, वडिलांना होता, तर पंचेचाळिशीपासून तूही पीएसए करत जा. येवल्यात आता लॅब होती. तरी तो एसटीनं नाशकात आला होता. "म्हटलं, करायचीच तर तुमच्याकडे. अण्णांचा विश्वास होता." आणि पिशवीतून तो रिपोर्ट काढला. प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं, कडा सुटल्या होत्या. माझा शिक्का फिका झाला नव्हता. "जुने कागद आणा म्हणाले डॉक्टर. आमच्याकडे हाच एक चांगला आहे."

मी त्याला आत नेलं. ट्यूब घेतली, त्यावर त्याचं नाव लिहिलं, दंडाला रबर बांधलं. शीर फुगून वर आली. बापाची सापडत नव्हती, याची दोरीसारखी. सुईचं टोपण काढलं आणि मला पुढं जाता येईना.

मी सांगितलं. सगळं. कोमट पाणी, पेन्सिल, पुस्तकातलं ठळक अक्षर. म्हणालो, तो कागद खोटा होता आणि मला त्याच दिवशी माहीत होतं.

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आपल्या दंडावरच्या रबराकडे बघत राहिला.

"बर्फ कशानं वितळला?" त्यानं विचारलं.

"ऊन होतं. उशीर झाला. ते महत्त्वाचं नाही, मी तो घ्यायलाच नको..."

"गाडीत जागा नव्हती," तो म्हणाला. "कंडक्टर म्हणाला, ठेव पुढं ड्रायव्हरजवळ. मी बोनेटवर ठेवला. इंजिनच्या. सांडू नये म्हणून वरून हात धरून बसलो होतो. हाताला चटका बसत होता साहेब. निफाडपर्यंत."

मी म्हणालो, चूक तुझी नाही रे, तुला कुणी सांगितलं नव्हतं, माझी आहे. दोनदा म्हणालो. त्यानं दुसऱ्या हातानं रबराची गाठ सोडली, बाही खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं.

"आईला सांगू नका," एवढंच म्हणाला. रिपोर्ट पिशवीत ठेवला आणि गेला.

मी मन हलकं करायला गेलो आणि माझं ओझं त्याच्या हातात दिलं. ज्या हातानं त्यानं थर्मास सांभाळला होता, त्याच हातात. गप्प राहिलो असतो तर निदान त्याचं रक्त मिळालं असतं, आकडा कळला असता. पुढं मी येवल्याच्या लॅबला दोनदा फोन केला. तिथं त्याची तपासणी झालेली नव्हती. घरी पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. येवल्याला जायचं धाडस झालं नाही. त्यानं रक्त कुठं दिलं की नाहीच दिलं, मला माहीत नाही.

निवृत्त झालो त्या दिवशी शिक्का डॉक्टरांकडे जमा केला. ट्यूब मात्र घरी आणली. अजून आहे. तिच्यावर विलासचं नाव माझ्या अक्षरात. आत काही नाही.